जमिनीवरून खुर्चीत

माझा भाऊ लिफ्टचा मेकॅनिक आहे आणि आम्ही राहतो बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. हा विनोद मी केलेला नाही, परिस्थितीने केलाय, आणि गेली वीस वर्षं ओळखीची माणसं तो मला नव्याने सुचल्यासारखा ऐकवतात. मीही हसते. नाहीतर काय करणार? रागाने पाय आपटावेत तर तेही जमत नाही.

पाय माझे सहाव्या वर्षी तापात गेले. आता चव्वेचाळिसावं चालू आहे, चाकाच्या खुर्चीत बसते आणि घरबसल्या कपडे दुरुस्त करते. पँट आखूड करायची, चेन बदलायची, खांद्यात सैल झालेला कोट आवळायचा. मशीन हाताने फिरवायचं आहे, त्यामुळे माझा उजवा दंड पैलवानाचा आणि डावा कारकुनाचा. गिऱ्हाइकं तीन मजले चढून येतात आणि धापा टाकत विचारतात, ताई, तुम्ही खाली का नाही राहत? जशी काही मी हौसेने वर चढून बसलेय.

खाली जायचं तर दादा मला उचलतो. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, आणि बेचाळीस पायऱ्या. मला खालच्या बाकावर ठेवतो आणि खुर्ची आणायला परत वर जातो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कंबरेतला मणका सरकला. डॉक्टरांनी ओझं उचलायचं नाही म्हणून बजावलं. दादाने त्यांच्यासमोर मुकाट मान डोलावली आणि घरी येऊन म्हणाला, ही कुठे ओझं आहे? ऐकून मला गहिवरून यायला हवं होतं. मला राग आला. कारण त्या दिवसापासून मी खाली जायचं नाव काढलं की त्याचा चेहरा आधी पांढरा पडायचा आणि मग तो हसायचा. मग मी नावच काढेनाशी झाले. गेल्या वर्षभरात तीनदा खाली उतरले, तिन्ही वेळा दातांच्या डॉक्टरकडे. रस्ता बघायला मिळावा म्हणून दाढ दुखण्याची वाट पाहणारी बाई मी एकटीच असेन.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक इमारत आहे, फक्त अपंगांसाठी बांधलेली. भाडं ज्याच्या त्याच्या कमाईप्रमाणे. जितकं मिळवाल त्याचा तिसरा हिस्सा द्यायचा, कमाई घटली तर भाडंही घटतं. दारं रुंद, उंबरे नाहीत, स्वयंपाकाचा ओटा खुर्चीतल्या माणसाच्या हाताला येईल असा. वहिनी एकदा जाऊन बघून आली होती आणि आल्यावर कितीतरी वेळ त्या ओट्याबद्दलच बोलत होती. खाली गुडघे घालायला मोकळी जागा ठेवलीय म्हणे. आणि तळमजल्यावरच्या घरांना सरळ रस्त्यावर उघडणारं दार.

तिथला अर्ज वहिनीनेच भरला होता, नऊ वर्षांपूर्वी. दादा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला तो हेच, की माझ्या बहिणीला घराबाहेर काढतेस? वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "बाहेर काढत नाहीये. तिला तिच्या घरात पाठवतेय." माझी वहिनी कमी बोलते, पण बोलते ते वर्मी लागतं. दादा उठून नळाचा वॉशर बदलायला गेला. नळ गळत नव्हता.

नऊ वर्षांनी पत्र आलं. तुमचा नंबर लागला आहे, तळमजल्यावरचं एक घर रिकामं झालं आहे, येत्या मंगळवारी अकरा वाजता तपासनीस तुमच्या राहत्या जागी येतील. त्या घरात एकटीने राहायचं असल्यामुळे खालील नऊ कामं कुणाचाही हात न लागता करून दाखवावीत. करता आली तर घर. नाही आली तर अर्जदाराचं नाव देखभाल केंद्राच्या यादीत जाईल.

देखभाल केंद्र मला माहीत आहे. माझी एक गिऱ्हाईक तिथे धुण्याच्या खात्यात काम करते. एका खोलीत सहा पलंग, आठ वाजता दिवे बंद, सुई-कात्री आत न्यायला मनाई. सुई-कात्री नाही म्हणजे मी नाही, इतकं साधं गणित. आणि त्या यादीतून नाव या यादीत परत येत नाही. नको म्हणायची मुभा आहे, पण मग दोन्हीकडून नाव कटतं आणि दादाची कंबर, बेचाळीस पायऱ्या आणि मी, तिघं आहोत तिथेच राहतो.

आठवडाभर तालीम केली. आणि तिथे आमचं बिंग फुटलं.

मला वाटत होतं मी सगळं स्वतः करते. उभ्या जन्मात कुणी विचारलं तर मी हेच सांगत आले. चहा करते, कपडे बदलते, पलंगावर जाते-येते, दाराची कडी काढते. पहिल्या दिवशी चहा करायला घेतला आणि वहिनीचं भांडं माझ्या हातात आलं. मी मागितलं नव्हतं. तिने दिलं असंही तिला वाटलं नव्हतं. भांडं तिच्या हातून माझ्या हातात येतं, पाणी आधीच भरलेलं असतं, साखरेचा डबा झाकण सैल करून माझ्या बाजूला सरकवलेला असतो. ती आपल्याच नादात भाजी निवडत बसलेली असते आणि एक हात हे सगळं करत असतो. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. वीस वर्षांत आम्हाला कुणालाच हे दिसलं नव्हतं.

मग वहिनीने हात एप्रनच्या खिशात घातले आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ओटा माझ्या हनुवटीशी येतो. चिमट्याने भांडं ओढायचं, मांडीवर ट्रे, ट्रेवर भांडं, नळापर्यंत जायचं, परत यायचं. दोनदा सांडलं, एकदा बोट पोळलं. वहिनीचे खिसे आतून हलत होते, पण हात बाहेर आले नाहीत. गुरुवारी जमलं. शनिवारपर्यंत सात कामं माझ्या खिशात होती, रविवारी आठ.

नववं काम होतं, जमिनीवर पडल्यास उठून खुर्चीत बसणे.

ते काही केल्या पुरं होईना. मला येत नव्हतं म्हणून नाही. दादा होऊ देत नव्हता. मी जमिनीवर उतरले की तो दोन श्वास कसाबसा थांबायचा आणि मग त्याचे हात यायचे, एक पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. मी ओरडायची. तो म्हणायचा, चुकलं, उद्या नक्की थांबतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सोमवारी मी त्याला वाटेल ते बोलले. म्हटलं, तुला मी जायलाच नको आहे, सरळ सांग ना. तो कंबरेला हात लावून खिडकीशी उभा राहिला, आणि मला माझीच लाज वाटली. पण राग काही गेला नाही. दोन्ही एकदम वाटू शकतं माणसाला.

मंगळवारी अकराला पाच कमी असताना तपासनीसबाई आल्या. पन्नाशीच्या, सपाट बूट, पाठीवर पिशवी. जिने चढून आल्या तरी दम लागलेला नव्हता, म्हणजे दिवसाकाठी असे किती चढत असतील. पाणी नको म्हणाल्या. बसा म्हटलं तर बसल्या, पण खुर्चीच्या कडेवर. कागद मांडीवर घेऊन त्यांनी दादाला आणि वहिनीला सांगितलं, तुम्ही भिंतीशी उभे राहा, बोलू नका, पुढे येऊ नका. कुणाचा हात लागला तर ते काम झालं नाही असं मला लिहावं लागतं. प्रत्येक काम दोनदा करून बघता येतं, तिसऱ्यांदा नाही.

सुरुवात चहाने झाली. चिमटा भांड्यावर वाजत होता. वहिनी भिंतीशी, हात खिशात, ओठ आवळलेले. चहा झाला. तपासनीसबाईंनी तो प्यायला नाही, नुसती कपाकडे नजर टाकून खूण केली. मला तेवढ्यातही राग आला, एवढा चांगला चहा. मग दाराची कडी, मग फोन, मग औषधांच्या गोळ्या वेळेप्रमाणे लावणं, मग गुळगुळीत फळीवरून खुर्चीतून पलंगावर आणि परत. एकेक खूण होत गेली. आठवी खूण झाली तेव्हा माझ्या जिवात थोडा जीव आला आणि मी दादाकडे बघून भुवई उडवली. तो हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता.

नववं काम आलं. तपासनीसबाईंनी विचारलं, पडलात तर काय करता? मी म्हटलं, पडत नाही. त्या म्हणाल्या, सगळेच असं म्हणतात. करून दाखवा.

खुर्चीचे ब्रेक लावले. पायांच्या फळ्या बाजूला केल्या, पुढे सरकले, एक हात पलंगाच्या कडेवर आणि एक बुटक्या स्टुलावर ठेवून खाली उतरू लागले. उतरणं सोपं असतं, वजन आपलं आपण जातं. पण डावा हात स्टुलावर होता आणि डावा माझा कारकुनाचा. स्टूल सरकलं. मी हातभर उंचीवरून खुब्यावर पडले आणि डोकं पलंगाच्या लाकडावर आपटलं. फार नाही लागलं. आवाज मात्र मोठा झाला.

आणि मी हवेत होते. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली.

मला कळलं तेव्हा मी खुर्चीत बसलेली होते आणि दादा माझ्यासमोर वाकलेला होता. त्याला सरळ होता येत नव्हतं. एक हात कंबरेवर, तोंड वेडंवाकडं झालेलं, आणि तरी विचारतोय, लागलं का गं? मी त्याच्याकडे बघितलं, मग तपासनीसबाईंकडे. त्या लिहीत होत्या. वहिनीचे हात खिशातून बाहेर आले होते आणि तोंडावर गेले होते.

नऊ वर्षं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपायाला काही कळत नाही तो भाग वेगळा. मला दादाला बदडावंसं वाटत होतं आणि त्याच्या कंबरेवर कुणीतरी गरम पिशवी ठेवा असंही वाटत होतं.

दादाच बोलला. अजून वाकलेलाच होता. बाई, ही चूक माझी आहे, तिची नाही, तिला येतं. तपासनीसबाई म्हणाल्या, मी जे पाहिलं ते लिहिते, जे येतं म्हणून सांगतात ते मला लिहिता येत नाही. मग कागदावरून नजर वर करून त्यांनी मला विचारलं, दुसऱ्यांदा करणार का? खुबा दुखत असेल तर नाही म्हणा, हरकत नाही. पण आज नाही तर नाही.

मी म्हटलं, करणार. पण हा इथे नको.

दादाने माझ्याकडे असं बघितलं की मी मान फिरवली. वहिनीने त्याचा दंड धरला, त्याला हळूहळू दारापर्यंत नेलं आणि दोघं बाहेर जिन्यात गेले. दार लागलं. आता खोलीत मी, तपासनीसबाई आणि माझं मशीन.

या खेपेला स्टूल भिंतीला टेकवलं. ते आधीच सुचायला हवं होतं. खाली उतरले, न पडता. जमिनीवरून खोली बघितली तर सगळं भलतंच उंच दिसत होतं, ओटा, खिडकी, मशीनचं चाक. पलंगाखाली दोन बटणं पडलेली होती, महिनाभर शोधत होते ती. तपासनीसबाईंनी घड्याळ बघितलं. वेळेची मर्यादा आहे का, विचारायची माझी छाती झाली नाही.

पद्धत अशी. जमिनीवर आधी उशी, मग स्टूल, मग पलंग, मग फळीवरून खुर्ची. पाठ वळवायची, तळवे मागे टेकायचे आणि सगळं अंग दोन हातांवर वर ढकलायचं. दरवेळी जेमतेम वीतभर चढायचं. उशीवर आले. स्टुलावर पहिल्या झटक्याला अर्धी चढले आणि डावा कोपर मुडपला. खाली आले. दुसऱ्या झटक्याला तेच. खुबा ठणकत होता. पाय वाकडे होऊन एकमेकांत अडकले होते, ते हातांनी उचलून सरळ केले, परक्याचे असल्यासारखे. तिसऱ्या वेळी माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही. मोठा होता. जिन्यात नक्की गेला असणार.

बाहेर पाय घासल्याचा आवाज आला. मग वहिनीची कुजबूज. मग दाराची मूठ फिरू लागली.

मी त्या मुठीकडे बघत राहिले. तपासनीसबाईही बघत होत्या, पेन हातात तयार. मूठ अर्धी फिरली. मनात म्हटलं, येऊ नकोस रे, तुझ्या पाया पडते, येऊ नकोस. हे मी मनात म्हटलं ते खरं. पण त्याच्या आत, अगदी आत, मला वाटत होतं की त्याने यावं. दार उघडावं, उचलावं, आणि हे सगळं संपावं. देखभाल केंद्र तर देखभाल केंद्र, तिसरा मजला तर तिसरा मजला. चव्वेचाळीस वर्षांची बाई जमिनीवर बसून भावाची वाट बघत होती, आणि ती मीच होते.

मूठ तशीच अर्धी फिरलेली राहिली. किती वेळ, सांगता येणार नाही. मग ती हळूहळू परत सरळ झाली.

मी डावा हात स्टुलावरून काढला. पलंगाचा पाय धरला, तो काही मुडपत नाही. उजवा स्टुलावर. इतकी वर्षं ज्या हाताने चाक फिरवलं त्याला म्हटलं, चल बाबा, आता तूच. आणि ढकललं. खांद्यात काहीतरी चर्र झालं. स्टुलावर बसलेली होते. तिथे थांबले नाही, थांबले असते तर घाबरले असते. पलंगाची कड धरली, वर गेले, आडवी पडले, उठून बसले. फळी सरकवली. खुर्चीत आले. पायांच्या फळ्या लावल्या, पाय उचलून त्यांवर ठेवले, झगा गुडघ्यांवरून नीट केला. ते कागदावर नव्हतं, पण माणसाने नीट दिसावं.

तपासनीसबाईंनी खूण केली. मग कागद माझ्याकडे वळवून धरला. तसं करायची परवानगी बहुधा नसावी, कारण धरताना त्यांनी उगाच खिडकीबाहेर बघितलं. नऊ खुणा होत्या. नवव्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, दुसऱ्या वेळी, कुणाच्याही मदतीशिवाय. खाली, एकटीने राहू शकते. त्याखाली घराचा क्रमांक आणि पुढच्या महिन्याची पहिली तारीख.

मी दोनदा वाचलं. माझ्या हातात पेन दिलं गेलं, मी सही केली, सही कशीतरीच आली. तपासनीसबाईंनी कागद पिशवीत घातले आणि तो गार झालेला चहा उचलून दोन घोटांत पिऊन टाकला. साखर कमी आहे म्हणाल्या.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

आमच्या घरात कुणी दार वाजवत नाही. दाराला कुलूप नसतं, दादा कामावरून येतो तो सरळ आत, बोलत बोलत, अवजारांची पेटी आपटत. मी मशीनवर असो, झोपलेली असो, कपडे बदलत असो, पडद्यापलीकडून त्याचं बोलणं चालू. इतक्या वर्षांत त्याने हे दार कधी वाजवलेलं मला आठवत नाही.

"टिल्लू," बाहेरून दादाचा आवाज आला. जाड, दाबलेला. "आत येऊ का?"

ये म्हटलं असतं तर रडूच बाहेर आलं असतं. खांदा दुखत होता. दार चार हातांवर होतं, मध्ये पलंगाचा कोपरा आणि पडलेली उशी. तपासनीसबाई दार उघडायला पुढे झाल्या. मी त्यांना हातानेच नको म्हटलं आणि ब्रेक काढले.

"थांब," मी म्हटलं. "मी उघडते."

उशीला वळसा घालायला मला जरा वेळ लागला. तो थांबला.